नेट जोडलं की कॉम्प्युटर बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"वायर काढली की मशीन झकास चालतंय, वायर लावली की निळा स्क्रीन." मार्केट यार्डातल्या अडत दुकानापासून विश्रामबागेतल्या कर सल्लागाराच्या ऑफिसपर्यंत, सांगलीत ही तक्रार जवळपास याच शब्दांत ऐकायला मिळते. पाठोपाठ मागणी येते की नेटवाल्याला फोन करून झापा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारून द्या.

नेटवाल्याची लाइन खराब असेल तर नेट तुटक येतं, संथ होतं, बंद पडतं. तेवढ्याने विंडोज कोसळून निळा स्क्रीन येत नाही. कॉम्प्युटर कोसळतो तो नेट जोडल्यावर त्याच्या आत जे जागं होतं त्यामुळे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) असेल, नेटवर नजर ठेवणारा अँटिव्हायरस असेल, व्हीपीएन (नेटची वाहतूक वेगळ्या, बंदिस्त वाटेने नेणारं सॉफ्टवेअर) असेल, कधी वायरीतून नको ती वीज आलेली असेल. यातला नेमका कोण, ते सापडतं. फक्त पुरावा शिल्लक राहायला हवा, आणि आपल्या बहुतेक चुका नेमका तोच पुसून टाकतात.

फॉरमॅटची घाई

फॉरमॅटनंतर काही दिवस मशीन छान चालतं, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. त्याचं कारण साधं आहे. विंडोज नव्याने टाकली की नेटवर्क कार्डाला तिच्याबरोबर आलेला जुना, साधा ड्रायव्हर मिळतो. मग नेट सुरू झालं की विंडोज अपडेट मागच्या मागे नवा ड्रायव्हर आणून बसवतं, आणि पुष्कळदा तो आधी गोंधळ घातलेलाच असतो. निळा स्क्रीन परत हजर. दरम्यान टॅलीचा डेटा, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर हे सगळं पुन्हा बसवण्यात माणूस दमलेला असतो, आणि जीएसटी रिटर्नची 20 तारीख काही त्याच्यासाठी थांबत नाही.

शिवाय प्रत्येक निळ्या स्क्रीनबरोबर विंडोज एक छोटी फाइल लिहून ठेवते. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये 'मिनिडंप' नावाचं फोल्डर असतं, त्यात त्या साठतात. कोणत्या ड्रायव्हरपाशी गाडी अडली ते त्यात असतं. फॉरमॅट मारला की हे सगळं गेलं.

स्क्रीन न वाचताच जाऊ देणं

"काहीतरी इंग्रजी आलं आणि मशीन आपोआप चालू झालं," असं सांगून दुरुस्त करणाऱ्याला काहीच कळत नाही. विंडोजच्या सर्चमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढून टाका. पुढच्या वेळी स्क्रीन तसाच थांबेल. मोबाइलवर फोटो काढा. विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत 2025 पासून हा स्क्रीन निळ्याऐवजी काळा आहे, तेव्हा रंगावरून फसू नका.

फोटोत दोन ओळी बघायच्या, 'स्टॉप कोड' आणि (असेल तर) 'व्हॉट फेल्ड'. नेटवर्कच्या भानगडीत 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' हा कोड वारंवार भेटतो. खाली फाइलचं नाव 'नेटडब्ल्यूटीडब्ल्यू'ने सुरू होत असेल तर बोट इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरकडे आहे. 'आरटी'ने सुरू होणारी नावं बहुतेक रियलटेकची. पण नाव 'एनडीआयएस' किंवा 'टीसीपीआयपी' असं दिसलं, तर विंडोजच बिघडली असा निष्कर्ष काढू नका. या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फाइली आहेत, सगळी नेटची वाहतूक त्यांच्यातून जाते. त्यामुळे चूक दुसऱ्याची असली तरी नाव पुष्कळदा यांचं येतं. आणि दर वेळी कोड वेगळा, फाइल वेगळी असं चाललं असेल, तर नेट सोडा आणि आधी रॅम तपासा. विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' त्यासाठीच आहे.

ड्रायव्हरच्या चुकीने अख्खं मशीन का बसतं, हेही समजून घ्या. साधा प्रोग्राम म्हणजे ओसरीवर बसलेला पाहुणा. त्याला चक्कर आली तर त्याला उठवून बाहेर नेता येतं. ड्रायव्हर माजघरात वावरतो. तिथे त्याने भलत्या जागी हात घातला की तुमच्या फाइलींची नासाडी होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवते.

फोटो हुकला असेल तर सर्चमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' टाइप करा. तारीखवार तक्ता येतो. मशीन ज्या दिवशी कोसळलं त्या दिवशी लाल फुली दिसते, आणि त्याच तक्त्यात कोणत्या दिवशी काय नवीन बसलं तेही दिसतं. पहिली फुली कधी पडली ते शोधा आणि तिच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काय बसलं ते बघा. माझ्या मते विंडोजमधलं हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. लोक मात्र 'इव्हेंट व्ह्यूअर'मधला 'कर्नल पॉवर 41' पकडून बसतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण त्यात नसतं.

एक सावधगिरी. निळ्या स्क्रीनवर फोन नंबर असेल आणि "ताबडतोब कॉल करा" असं लिहिलं असेल, तर तो स्क्रीन खोटा आहे, ब्राउझरमधलं ते फसवणुकीचं पान आहे. खरा स्क्रीन कधीही फोन नंबर देत नाही. फोन करून पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

मोबाइलची एक वायर बरंच सांगते

अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ही चाचणी आधी करा, पैसा लागत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडून वायफाय आणि लॅन (वायरीच्या नेटचं) दोन्ही कार्डांवर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. लॅनची वायरही काढा. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या डेटा वायरने जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. आता नेट येतंय ते तिसऱ्याच वाटेने, दुसऱ्या ड्रायव्हरवरून. मोबाइलचा डेटा संपू नये म्हणून हे कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा जपून वापरणारं) करून ठेवा.

एरवी जेवढ्या वेळात मशीन कोसळतं त्याच्या दुप्पट वेळ तरी नेहमीचं काम करा. कोसळलं नाही, तर दोष आतल्या कार्डाचा, त्याच्या ड्रायव्हरचा नाहीतर बाहेरून येणाऱ्या वायरीचा. मग वायफाय आणि लॅन एकेक करून चालू करा, गुन्हेगार लवकर कळतो. टेदरिंगवरही कोसळलं, तर कार्डावरचा संशय पुष्कळ कमी होतो. तिथून पुढे अँटिव्हायरस, व्हीपीएन, फायरवॉल यांच्या मागे लागायचं.

ड्रायव्हरच्या नावाखाली होणारे उद्योग

ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नका. ती मिळतंजुळतं दिसेल ते बसवतात आणि सोबत नको असलेलं आणखी काही देऊन जातात. ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल नंबर टाकून. असेंबल मशीन असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. आणि नवीन तेच चांगलं, हा समज सोडा. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, ते वापरा.

जुना ड्रायव्हर काढण्याआधी नवा पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. काढल्यावर नेटच नसेल तर डाउनलोड कुठून करणार?

झोपेतून उठवल्यावर मशीन अडकत असेल, तर त्याच खिडकीत 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅब दिसतो का बघा. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका. ड्रायव्हर बदलल्यावर नुसतं 'शटडाउन' करूनही भागत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज आतला गाभा तसाच डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच उचलते. म्हणून 'रिस्टार्ट'च करा.

एकावर एक अँटिव्हायरस

मुदत संपलेला एक, नव्या बिलाबरोबर आलेला दुसरा, बँकेच्या कामासाठी घातलेलं व्हीपीएन तिसरं. प्रत्येकजण नेटच्या वाटेवर आपला नाका बसवतो, आणि दोन नाकेवाले भांडले की मशीन जातं. एकच ठेवा. बाकीचे त्या त्या कंपनीच्या 'रिमूव्हल टूल'ने काढा, कारण साध्या अनइन्स्टॉलनंतर त्यांचे ड्रायव्हर मागे राहू शकतात. सगळे काढले तरी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, तेव्हा चाचणीपुरतं घाबरण्याचं कारण नाही.

सुरक्षेचं सॉफ्टवेअर मशीन पाडू शकतं यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची एक सदोष फाइल नेटवरून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्या घड्याळात ती फाइल सकाळी साडेनऊनंतर सुटली आणि अकराच्या आत मागे घेतली गेली. तेवढ्या वेळात जी मशीन बंद होती किंवा नेटवर नव्हती, ती वाचली.

वळीव, अर्थिंग आणि हळद

एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग गडगडले की दुसऱ्या दिवशी लॅन पोर्टच्या तक्रारी येतात. गच्चीवरून, खांबावरून आलेली तांब्याची लॅन वायर विजेचा झटका थेट मदरबोर्डपर्यंत पोचवते. पोर्ट पूर्ण मेलं तर निदान कळतं तरी. अर्धमेलं पोर्ट जास्त छळतं, वायर लावली की मशीन गोठतं आणि काढली की सुटतं. अशा वेळी बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) ते पोर्ट बंद करा आणि वेगळं लॅन कार्ड नाहीतर यूएसबी लॅन अडॅप्टर लावा. फायबर आलंय म्हणून निर्धास्त राहू नका. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तांब्याचीच असते. ढग दिसले की राउटरचा प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढा.

गावभागातल्या जुन्या वाड्यांत दोन पिनी, म्हणजे अर्थिंग नसलेल्या बोर्डावर कॉम्प्युटर चालवलेले दिसतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, विंडोजला हात नंतर. यूपीएसची बॅटरी थकली असेल तर वीज जाता-येताना राउटर आणि कॉम्प्युटर एकदमच बंद होतात आणि दोष नेटला मिळतो. राउटरचे दिवेही त्याच क्षणी गेले का, एवढंच बघा.

यार्डातली गोष्ट आणखी वेगळी. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद सौद्यांच्या दिवसांत हवेत तरंगत असते. तिथल्या मशीनचं झाकण उघडलं की प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पट्ट्यांत, हळदीचा पिवळा थर नमद्यासारखा दाबून बसलेला दिसतो. नेट जोडलं की अपडेट उतरू लागतात, प्रोसेसर राबतो, तापतो, आणि मशीन निळा स्क्रीन न दाखवता एकदम काळं होतं. थोड्या वेळाने गार झालं की पुन्हा चालू. निळा स्क्रीन नाही, मिनिडंपमध्ये फाइल नाही आणि मागच्या जाळीतून गरम वाफारा येतोय, म्हणजे ब्लोअर घ्या. मशीन बंद करून, प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवून साफ करा. थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर ती बदला. लॅन पोर्टच्या पिनांवरही तीच भुकटी असते, तिथेही हलकी फुंक मारा. ओलं फडकं मात्र नको.

शेजारच्या मशीनचा आजार

ऑफिसात चार कॉम्प्युटर एका स्विचवर (लॅनच्या वायरी जोडणाऱ्या डब्यावर) आहेत, आणि त्यातला विंडोज 7 वालाच वायर लावली की कोसळतो, घरी नेला की ठणठणीत. अशा वेळी बाकीचे तीन तपासा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर पसरलं तेव्हा लॅनवरून झालेल्या त्याच्या हल्ल्यांत जुन्या विंडोज एक्सपीची मशीन बाधित होण्याऐवजी निळा स्क्रीन देऊन पडत असल्याचं आढळलं होतं. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 ला. हिशेबाच्या प्रोग्रामसाठी जुनं मशीन ठेवावंच लागत असेल तर त्याची लॅन वायर काढून ठेवा, आणि डेटा पेनड्राइव्हवरून नेताना तो दर वेळी स्कॅन करा.

दुरुस्तीला देण्याची वेळ आलीच, तर डेटाचा बॅकअप आपल्याकडे ठेवून मगच द्या. सोबत स्क्रीनचा फोटो, मॉडेल नंबर आणि टेदरिंगवर काय झालं ते कागदावर लिहून द्या. दोष वायफाय कार्डातच निघाला, तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते छोटं कार्ड वेगळं काढून बदलता येतं, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागत नाही. "बोर्ड गेलाय" असं कुणी म्हटलं तर आधी हे विचारा.