ब्रॉन्को की स्काउट २ : घेण्याआधी काय तपासाल

फोर्ड ब्रॉन्को (१९६६–७७) आणि इंटरनॅशनल स्काउट २ (१९७१–८०) या दोन्ही जुन्या अमेरिकन फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत इंजिनापेक्षा आधी गंज बघा. इंजिन दुरुस्त होते. सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

स्काउटमध्ये दाराखालची पट्टी, फरशी आणि बॉडी चॅसिसवर बसते ते सांधे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. ब्रॉन्कोत फरशी, मागचे दार आणि पुढच्या काचेखालचा भाग तपासा. चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे गंज झाकणारी पुट्टी आहे. ब्रॉन्कोच्या मागच्या चाकांवरची कमान मोठ्या टायरसाठी कापलेली नसेल, तर संग्राहक जास्त मोजतात. कापलेली पुन्हा बसवता येते, पण मूळपण जाते.

ब्रॉन्कोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) ९२ इंच, पुढे कॉइल स्प्रिंग, वळायला चपळ. स्काउटचा १०० इंच, त्यामुळे आत जागा जास्त; चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंग. स्काउटची ३०४ आणि ३४५ घनइंचांची व्ही-८ इंजिने जड, पण दणकट. त्यांची कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) साखळीऐवजी गिअरवर चालते. ब्रॉन्कोचे ३०२ घनइंचांचे इंजिन (१९६९ पासून) हलके, सुटे भाग सहज मिळतात. पुढचे डिस्क ब्रेक ब्रॉन्कोला १९७६ पासून, स्काउटला १९७४ पासून.

चालवून बघताना फोर-व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) नक्की टाका. इतक्या जुन्या गाडीत त्याचा लिव्हर अडकलेला असू शकतो.

पैसा गुंतवायचा असेल तर न कापलेली ब्रॉन्को. वापरायची असेल तर स्काउट.