हप्त्यावर गाडी घेताना आधी करायची आकडेमोड

शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "महिन्याला किती हप्ता जमेल?" उत्तर देऊ नका. आकडा सांगितला की त्यात बसवायला मुदत ताणली जाते.

आधी ऑन-रोड किमतीचं कोटेशन लेखी घ्या. ८ लाख एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ८८ हजार. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा दर विचारून या. 'हँडलिंग चार्जेस' दिसले तर काढायला लावा.

मग मुदत. ६ लाखांचं कर्ज, ९.५ टक्के व्याज धरा. ५ वर्षांना हप्ता सुमारे १२,६०० आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजार. ७ वर्षांना हप्ता ९,८०० वर येतो, व्याज मात्र २ लाख २४ हजार होतं. शिवाय तीन वर्षांनी गाडी विकायची वेळ आली तर ३ लाख ९० हजार मुद्दल अजून फेडायचंच असतं. ५ वर्षांत जमत नसेल तर लहान गाडी बघा, किंवा डाउन पेमेंट साठेपर्यंत थांबा. पाडवा पुढच्या वर्षीही येतो.

'फक्त ६ टक्के' ऐकलं की फ्लॅट रेट आहे का ते विचारा. त्यात फेडलेल्या मुद्दलावरही व्याज लागतच राहतं. ५ वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ १०.८५ टक्के. तुलना करायची ती एपीआरची, म्हणजे व्याज आणि कर्जाचे इतर चार्जेस धरून पडणाऱ्या वार्षिक दराची. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना द्यावं लागणारं 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा, त्यात तो असतो. मुदतीआधी फेडल्यास किती दंड, तेही तिथेच वाचा.

हप्ता म्हणजे गाडीचा सगळा खर्च नव्हे. महिन्याला ८०० किलोमीटर, लिटरला १६ चं अॅव्हरेज आणि १०५ रुपये दर धरला तर पेट्रोलच ५,२५० चं. विमा-सर्व्हिसिंगचे २,५०० धरले की १२,६०० चा हप्ता २०,३५० वर जातो. पार्किंगचं भाडं वेगळं.

ही पूर्ण रक्कम सहा महिने दर पगाराला आरडीत टाकून बघा. एकदाही मोडावी लागली तर कर्ज लहान करा. नाही लागली, तर सव्वा लाखाच्या आसपास डाउन पेमेंट तयार झालं.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्ज संपल्याचं आरटीओला कळवणारा फॉर्म) घेऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, लगेच उतरवा. राहून गेला तर गाडी विकताना नाव हस्तांतर अडतं.