पहिल्याच आठवड्यात शब्द : पहिली-दुसरीच्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसं शिकवावं

आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. या क्रमात मूल महिनोन्‌महिने अर्थ नसलेलं घोकत राहतं. मी पहिल्याच आठवड्यात शब्द हातात देते.

सुरुवात कानापासून करा. दोन-तीन दिवस पाटी-पेन्सिल नकोच. ‘क’ने सुरू होणारं काय काय दिसतं, ‘बस’च्या शेवटी कोणता आवाज येतो, असे तोंडी खेळ घ्या.

मग क, म, न, र आणि काना. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाची ३-४ कार्डं करा, कान्याचं वेगळं. एवढ्यात मका, मान, काम, मामा, कमान जमतात. ‘कान’मधला काना जागेवर ठेवून क आणि न यांची अदलाबदल करायला सांगा, ‘नाक’ तयार होतं आणि मुलाचा हात आपोआप नाकाकडे जातो. ‘रमा, काम कर’ हे अख्खं वाक्यही यातच बसतं. पुढच्या गटात स, ब, ल आणि दुसरी वेलांटी घ्या, म्हणजे ‘मामी बसली’ वाचता येईल. घ आणि ध मात्र एका आठवड्यात आणू नका, गोंधळ उडतो.

रोज एका मुलाला घरची गोष्ट सांगू द्या आणि ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. ‘आमची शेरडी याली’ (म्हणजे शेळी व्याली) म्हणाला, तर तसंच लिहा. तिथे प्रमाणभाषा आणली, तर ते वाक्य त्याचं राहत नाही. शब्दाखाली बोट ठेवत सगळ्यांनी वाचायचं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कागदी पट्टीवर लिहून शब्द कापा आणि जुळवायला द्या. माझ्या अनुभवात याहून चांगला वाचनपाठ नाही.

लिहिताना अनुलेखन, म्हणजे बघून उतरवणं कमी, चिठ्ठ्या जास्त. मुलाने ‘मला पानी हव’ लिहिलं, तर लाल रेघ मारू नका. त्याने ऐकलं तसं लिहिलंय, हे मोठंच काम आहे. खाली उत्तर लिहा : ‘तुला पाणी हवं? माठातलं घे.’ बरोबर रूप त्याला उत्तरातच दिसतं.

जोडाक्षरं पक्का, कच्चा, गल्ली अशा कानाला स्पष्ट कळणाऱ्या शब्दांपासून घ्या. ‘र’ची रूपं शेवटी, आठवड्याला एकच : सर्प, चक्र, ट्रक, दऱ्या. त्या आठवड्यात दुकानांच्या आणि एसटीच्या पाट्यांवर ते रूप शोधून वहीत उतरवून आणायला सांगा.