नव्या संगणकावर लिनक्स रखडतंय? आधी ग्राफिक्सची ओळ वाचा

कोरा संगणक, भरपूर रॅम, एसएसडी, त्यावर ताजं लिनक्स. आणि तरी विंडो ओढली की ती माऊसच्या मागून फरफटत येते. यावर सल्ले ठरलेले असतात: स्वॅपिनेस (रॅमऐवजी डिस्कवरची जागा, म्हणजे स्वॅप, किती वापरायचा तो आकडा) ६० वरून १० करा, ॲनिमेशन बंद करा, हलका डेस्कटॉप टाका. यातलं काहीही करू नका. रॅम पुरून उरत असताना स्वॅप जवळपास वापरलाच जात नाही, मग तो आकडा बदलून काय मिळणार?

सगळे अपडेट घेऊन रीस्टार्ट करा. सुरुवातीला ट्रॅकर किंवा बलू हे शोधासाठीचे प्रोग्रॅम फाइलींची सूची बनवत बसतात. बसू द्या, काम संपलं की थांबतात.

आता मुद्द्याचं. सेटिंग्जमधलं 'अबाउट' उघडून ग्राफिक्सची ओळ वाचा. तिथे ग्राफिक्स चिपचं नाव हवं. त्याऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर दुखणं सापडलं: चिप रिकामी बसली आहे आणि पडद्यावरचा ठिपका न् ठिपका प्रोसेसर रंगवतोय. सिस्टम मॉनिटर उघडा ठेवून एखादी विंडो जोरात इकडेतिकडे हलवा, प्रोसेसरचे आलेख लगेच उसळतील.

पहिला संशयित 'नोमोडसेट'. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडतो, कोणीतरी हा शब्द बूटच्या ओळीत (संगणक सुरू होताना लिनक्सला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) घालायला सांगतं, आणि पुढे तो काढायचं राहून जातं. तो असेपर्यंत ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालूच होत नाही. ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब (/etc/default/grub) या फाइलमधून तो शब्द काढा. उबुंटू आणि डेबियनवर त्यानंतर अपडेट-ग्रब ही कमांड चालवावीच लागते. नुसती फाइल सेव्ह करून काही होत नाही. फेडोरात हेच काम ग्रबी ही कमांड करते.

दुसरं कारण, चिप कर्नलपेक्षा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापेक्षा, नवी असणं. उबुंटू एलटीएसवर (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) नव्या हार्डवेअरसाठीचा एचडब्ल्यूई कर्नल घ्या, डेबियनवर बॅकपोर्ट्समधला (स्थिर आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांतला). फर्मवेअरही (चिपला चालायला लागणाऱ्या फाइली) बघा: डेबियनचा इन्स्टॉलर ते १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सोबत देतो, त्याआधी ते वेगळं टाकावं लागायचं.

मला सर्वांत जास्त छळलं ते एनव्हिडिया आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) यांच्या जोडीने. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला जातो. लोक काहीतरी टंकून मोकळे होतात. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, १० सेकंद वाट बघतो आणि निघून जातो. चहा आणायला गेलात की संपलं! ड्रायव्हर टाकलेला असतो, पण सहीची चावी नोंदलेली नसल्याने कर्नल त्याला दारातच अडवतं. म्हणून समोर बसून राहा, कुठलंही बटण दाबा, 'एनरोल मोक' (चावी नोंदवा) निवडा, तोच पासवर्ड द्या. पासवर्डमध्ये चिन्हं नकोत, साधी लहान अक्षरं ठेवा. त्या पडद्यावर कीबोर्ड बहुधा अमेरिकन मांडणीचा असतो आणि चिन्हांच्या जागा बदलतात. संधी हुकली तर मोकयूटिल या कमांडने चावी पुन्हा इम्पोर्ट करा आणि रीस्टार्ट करा. ड्रायव्हर काढून परत टाकत बसू नका. सिक्युअर बूट बंद करूनही काम भागतं, पण पाच मिनिटांच्या कंटाळ्यापायी मी ते करणार नाही.

ओळीत चिपचं नाव आलं, तरी लॅपटॉप मंदच? पॉवर मोड 'पॉवर सेव्हर'वर आहे का बघा आणि 'बॅलन्स्ड' करा.