सीडी-डीव्हीडीवरचा स्टिकरचा गम काढताय? या चुका टाळा

जुन्या डिस्कवरचा स्टिकर कधीच एका झटक्यात निघत नाही, अर्धा कागद हातात येतो आणि गम तिथेच राहतो, मग त्यावर धूळ बसून काळपट थर तयार होतो आणि आपण लगेच नख लावून खरवडायला लागतो. जरा थांबा. आधी बघा गम कुठल्या बाजूला आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की चकचकीत बाजू नाजूक आणि छापील बाजू म्हणजे नुसतं कव्हर, तिथे कसंही घासलं तरी चालतं. सीडीचं बरोब्बर उलटं असतं. सीडी १.२ मिलीमीटर जाडीची, त्यात जवळपास सगळं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, आणि डेटा असतो छापील बाजूच्या अगदी खाली. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर, त्यावर काही मायक्रॉनचं लॅकर म्हणजे संरक्षक लेप आणि वर छपाई, बस्स. खालून चरा पडला तर पॉलिश करून सुधारायला वाव असतो, पण वरचा थर उचकटला की तिथला डेटा कायमचा गेला. डीव्हीडीत ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि डेटा मधे, त्यामुळे ती वरून थोडी निर्धास्त. ब्लू-रेचा डेटा मात्र खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलीमीटरवर, वर कडक कोटिंग असतं खरं, तरी तिथे खरवडाखरवडी नकोच.

आता ती सेलोटेपची फेमस आयडिया, गमवर टेप दाबायची आणि खस्सकन ओढायची. डिस्कच्या खालच्या बाजूला ठीक आहे, पण सीडीच्या छापील बाजूला केलं तर टेपबरोबर चांदीसारखा थरही निघून येतो. रेकॉर्डेबल सीडीत तर धोका अजून जास्त. काम सुरू करायच्या आधी डिस्क लाइटसमोर धरून बघा, बारीक भोकांतून उजेड येत असेल तर थर आधीच गेलाय. आणि डिस्क चालत असेल तर आधी कॉपी करून घ्या, मग काय ते प्रयोग करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नेलपेंट रिमूव्हर. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं, गम सुटतो हे खरं, पण पॉलिकार्बोनेटही पांढरं पडतं, बारीक तडे जातात आणि तो धुरकटपणा मग कशानेच जात नाही. थिनर आणि पेट्रोलही त्याच लाइनीत, हातही लावू नका. टूथपेस्ट, घासणी, ते पांढरे मॅजिक स्पंज हे सगळं घासून काढणारं आहे, ते गमही काढतं आणि प्लास्टिकही. हेअर ड्रायर वापरायचाच तर लांबून, कोमट हवेवर, कारण जास्त गरम झालं की डिस्क वाकते. पाण्यात रात्रभर भिजत तर अजिबात घालू नका, कडेने ओल आत शिरली की थर सुटायला लागतात.

मग करायचं काय? चमचाभर खायचं तेल. कापसाने फक्त गमवर लावा, दहाएक मिनिटं ठेवा, मग बोटाच्या पेराने हलकंच चोळा, गमच्या गोळ्या होऊन निघतात. नंतर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि कोमट पाणी, की तेल गेलं. उरलंच काही तर मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, डिस्कवर ओतू नका. छापील बाजूला अल्कोहोलने शाई सुटू शकते, मार्करने लिहिलेलं नाव तर हमखास जातं, म्हणून कोपऱ्यात टेस्ट करून मगच पुढे.

पुसताना गोल गोल फिरवायची सवय असते आपल्याला, ती इथे सोडा. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. डेटाची ट्रॅक गोल फिरत जाते, त्यामुळे आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडासाच भाग खातो आणि सीडीतली एरर करेक्शन, म्हणजे चुकलेला डेटा आपोआप दुरुस्त करायची सोय, ट्रॅकच्या लांबीत सुमारे अडीच मिलीमीटरपर्यंतचं नुकसान भरून काढू शकते, पण गोल चरा त्याच ट्रॅकवर लांबपर्यंत जातो आणि तिथे तीही हात टेकते.

साफ केल्यावरही डिस्क अडकत असेल तर तिरकी धरून बघा. तेलकट डाग दिसले तर साबण नीट लागला नाही, परत धुवा. पांढुरकं दिसतंय आणि पुसून जात नाहीये तर ते प्लास्टिकच खराब झालंय.

आणि हो, छापील बाजूला पूर्ण गोल कागदी लेबल चिकटवलं असेल, ते कुठे सुटलेलं नसेल आणि डिस्क व्यवस्थित चालत असेल तर त्याला हात लावू नका, ते काढताना थर निघायचीच भीती जास्त. अर्धवट निघालेलं असेल तर मात्र डिस्क फिरताना बॅलन्स जाऊन ड्राइव्ह थरथरतो, आणि ज्या ड्राइव्हला ट्रे नसतो, नुसती फट असते, त्यात सुटलेला कागद आत अडकून बसतो. अशी डिस्क ट्रेवाल्या ड्राइव्हमधे कमी स्पीडवर कॉपी करून घ्या, लेबलचं काय करायचं ते नंतर बघा.