यूव्हीने नॅनोवायर वाढवताय? या चुका टाळा

ऑक्साइडची पातळ फिल्म बनवणं खान्देशातल्या प्रयोगशाळांना नवं राहिलेलं नाही. त्याच फिल्मवर यूव्हीने (अतिनील प्रकाशाने) नक्षी काढून सेंद्रिय नॅनोवायर, म्हणजे कार्बनी रेणूंच्या अतिसूक्ष्म तारा, हव्या त्या जागी उगवायच्या म्हटलं की मात्र बरेच विद्यार्थी अडकतात. बहुतेकांच्या चुकीचं मूळ एकच असतं: प्रकाश वायरवर काम करतो असं धरलेलं असतं. तो काम करतो ऑक्साइडवर. टायटॅनियम डायऑक्साइडवर (टायटॅनियावर) यूव्ही पडला की पृष्ठभागावरचा सेंद्रिय मळ जळतो, पाण्याला ओढणारे हायड्रॉक्सिल (OH) गट वाढतात आणि पाण्याचा थेंब फुगून न राहता सपाट पसरतो. फुजिशिमा, हाशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये दाखवून दिलं. उजेडातला पट्टा आणि अंधारातला पट्टा यांत जो फरक पडतो, त्यावरून रेणू कुठे जमायचं ते ठरतं. हा फरक नीट पडला नाही, तर पुढचं काहीच जमत नाही.

टॉर्चवर विसंबू नका

सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च स्वस्तात मिळतो, डोळ्यांना झगझगीतही दिसतो, पण तो बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळेल. ३९५ ला ती येते ३.१४. अ‍ॅनाटेजला, म्हणजे टायटॅनियाच्या नेहमीच्या स्फटिकरूपाला, किमान ३.२ लागतात; हाच त्याचा बँड गॅप. रात्रभर लावून ठेवला तरी हाती फारसं काही लागणार नाही. ३६५ चा एलईडी ३.४ देतो, अ‍ॅनाटेजला तो पुरतो, झिंक ऑक्साइडला (३.३७) जेमतेम. सिलिकाचा बँड गॅप ९ च्या आसपास, त्यामुळे ३६५ तिच्यावर काही करत नाही. तिथे १८५ आणि २५४ देणारा पाऱ्याचा दिवा लागतो, आणि तो करतो ती ओझोनच्या मदतीने केलेली सफाई.

या दिव्याखाली साध्या काचेचा मास्क (नक्षीचा साचा) चालणार नाही, काच २५४ अडवते. क्वार्ट्झच घ्या. कडा धूसर येत असतील तर वेळ कमी-जास्त करण्याआधी मास्कखालची फट बघा. टायटॅनियावर तयार झालेले क्रियाशील घटक त्या फटीतल्या हवेतून सरकतात आणि झाकलेल्या भागालाही भाजतात.

फिल्मच मंद वाटत असेल तर ती कशावर भाजली ते आठवा. साध्या स्लाइडवर ४५०-५०० अंशांना अनिलिंग केलं (तापवून भाजलं) की काचेतलं सोडियम फिल्ममध्ये चढतं आणि तिची धार जाते.

आधी प्रकाश, मग रेणू

द्रावण टाकून वरून यूव्ही देऊ नका. टायटॅनियाला मळ काय आणि तुमचं पेरिलीन (वायर बनवणारा सेंद्रिय रंगरेणू) काय, दोन्ही सारखंच. रंग फिका पडत चालला, तर वायर वाढत नाहीये, जळतेय. क्लोरोफॉर्म असेल तर धोका आणखी मोठा: हवा आणि यूव्ही मिळाले की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. द्रावणाची बाटली दिव्याजवळसुद्धा नको.

यूव्ही दिल्यावर 'जेवून येऊ, मग बघू' हेही नको. ताजा पृष्ठभाग हवेतलं तेलकट काहीही ओढून घेतो, मग ती शेजारच्या कँटीनची फोडणी असो की व्हॅक्युम पंपाचं तेल. ठेवावंच लागलं तर काचेच्या पेट्री डिशमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. काढल्यावर एका कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून बाजूने मोबाइलने फोटो घ्या. थेंब फुगीर दिसला तर यूव्ही पुन्हा द्या.

पण पाण्याच्या थेंबाने फरक दाखवला म्हणून तुमचं द्रावकही तो फरक मानेल असं नाही. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, क्लोरोफॉर्मचा २७. क्लोरोफॉर्म दोन्ही पट्ट्यांवर सहज पसरतो. म्हणून आधी सगळीकडे लांब शेपटीच्या सिलेनचा किंवा फॉस्फॉनिक आम्लाचा (ऑक्साइडला चिकटणाऱ्या रेणूंचा) एकपदरी थर चढवा, यूव्हीने तो हवा तिथे जाळा, आणि चाचणी स्वतःच्याच द्रावकाने करा.

ऋतूचा हिशेब धरा

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि क्लोरोफॉर्म उकळतो ६१ अंशांना. एसी नसलेल्या खोलीत थेंब टेकतो न टेकतो तोच सुकतो. रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कडेला जाड कडं आणि मध्ये नुसती भुकटी दिसते, आणि खापर फुटतं यूव्हीवर. पेट्री डिशमध्ये त्याच द्रावकात भिजवलेला फिल्टर पेपर कडेला ठेवा, झाकण लावा आणि काम सकाळी उरका. सुकणं जितकं संथ, तितकी वायर लांब.

पावसाळ्यात उलटी अडचण. उडणारं द्रावक पृष्ठभाग गार करतं, दमट हवेतलं पाणी त्यावर थेंबाथेंबाने साचतं आणि थरात गोल भोकं पडतात. भोकं दिसली की रेसिपी बदलू नका, आर्द्रतामापक बघा.

वीज गेली तर उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा गरम असताना पुन्हा पेटत नाही. गार होऊ द्या. पेटल्यावरही पहिली काही मिनिटं त्याची तीव्रता स्थिर नसते. म्हणून वहीत नुसता वेळ लिहून भागत नाही, मीटरवर मोजलेली मात्रा लिहा.

करंट कुणाचा?

झिंक ऑक्साइडवर वायर वाढवून तिचा करंट मोजणाऱ्यांनी हे तर करावंच. यूव्ही बंद केल्यावरही झिंक ऑक्साइड तासन्‌तास वाहकच राहतं. त्यामुळे वायर नसलेल्या, पण तितकाच यूव्ही दिलेल्या फिल्मवर तेच इलेक्ट्रोड त्याच अंतरावर लावून वाचन घ्या. दोन्ही सॅम्पल अंधारात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. कोऱ्या फिल्मचा आकडा वायरवाल्याइतकाच आला, तर तुम्ही मोजलेला करंट वायरचा नव्हताच.