धोरणाचा अहवाल लिहायला बसताना

नव्याने धोरण-विश्लेषण शिकणाऱ्याला मी लगेच आकडेमोड करू देत नाही. आधी प्रश्न कोणाचा, ते कागदावर लिहायला लावतो. ‘बससेवेचा तोटा कसा घटेल?’ हा तिजोरी सांभाळणाऱ्याचा प्रश्न. ‘कामावर वेळेत कशी पोचू?’ हा प्रवासी बाईचा. यातला कुठला घ्यायचा हे कुठलंही शास्त्र सांगत नाही. ते आपण ठरवतो, म्हणून ते पहिल्याच पानावर उघडपणे लिहावं. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९५१ मध्ये धोरणशास्त्राची कल्पना मांडली, तेव्हा ते लोकशाहीच्या कामी यावं, हाच त्यांचा आग्रह होता.

मग सरासरी फोडा, म्हणजे त्या एका आकड्यामागे कोणाच्या वाट्याला काय येतं ते वेगवेगळं पाहा. इथे घाई नको.

बसमार्गांच्या फेररचनेचा एक अहवाल मी केला होता. सरासरी प्रवासाचा वेळ घटत होता, आम्ही खूश होतो. सभेत एक सफाई कामगार बाई उठल्या. “पहाटेची आमची गाडीच काढलीत. आम्ही तुमच्या कागदावर कुठे आहोत?” कुठेच नव्हत्या. आमचे पाहणी करणारे थांब्यावर यायचेच सकाळी आठला. हिशेब बिनचूक होता, पण त्या बायका त्यात नव्हत्याच. ती सभा मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून प्रश्नावली छापायच्या आधी ती घेऊन ज्यांना झळ बसणार त्यांच्याकडे जातो. काय मोजायचं, किती वाजता मोजायचं, हे त्यांना विचारतो. कच्चे तक्तेही दाखवतो, तेही बदल करायला वेळ उरलेला असताना. सगळं ठरल्यावर घेतलेल्या सुनावणीचा उपयोग नाही.

एकाच आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा ठेवू नका. निर्णय ज्या निर्देशांकावर टांगाल तोच भ्रष्ट होत जातो, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकातच बजावलं होतं.

तज्ज्ञांनी कुठे थांबावं, हे आयर्लंडमध्ये दिसलं. तिथल्या नागरिक सभेत मतदानाने नव्हे, तर यदृच्छेने निवडलेल्या ९९ सामान्य नागरिकांनी गर्भपाताच्या कायद्यावर तज्ज्ञांना ऐकलं, प्रश्न विचारले आणि शिफारस स्वतः केली. अखेरचा कौल २०१८ च्या सार्वमताने दिला.

म्हणून माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानावर एकच उत्तर नसतं. दोन-तीन पर्याय असतात, प्रत्येकापुढे त्यात कोणाचं नुकसान होईल ते साध्या भाषेत, आणि पुन्हा मोजणी कधी करायची ती तारीख.